ठोकळ्यांची बग्गी आणि वेगाचा हिशेब

(उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी सायंकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून आजवर आपण मधुमेहावर ऐकले, ज्ञानेश्वरीवर ऐकले, आयकर कसा वाचवावा यावरही ऐकले. यंदा चिटणीसांनी मला फोन केला आणि म्हणाले, "तुम्ही मुलांबरोबर ती पळणारी गाडी बनवता ना, त्यावरच बोला." मी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेऊन रेल्वेत आलेला माणूस. आमचे सगळे बोलणे कारखान्यात यंत्रांच्या आवाजात, म्हणजे अर्धे हातवारे आणि अर्धी आरोळी. त्यामुळे माइकसमोर आवाज चढला तर सांभाळून घ्यावे.

ही टेबलावर ठेवलेली गाडी पाहा. इंजिन नाही, पत्रा नाही, एकही स्क्रू नाही, फेव्हिकॉलचा थेंब नाही. सगळे प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत दाबून बसवलेले आहेत. याला लेगो म्हणतात हे बहुतेक मुलांना ठाऊक आहे. मोठ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाचा एक सुतार होता. मंदीमुळे घरे बांधण्याचे काम मिळेना म्हणून १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने लेगो हे नाव घेतले. आज आपण पाहतो त्या, आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याचे पेटंट त्याच्या मुलाने २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवले. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. आपल्यापैकी जे स्टोअरमध्ये काम करतात त्यांनी या वाक्याचा नीट विचार करावा. दोन वर्षांपूर्वीचा सुटा भाग आजच्या यंत्राला बसला नाही म्हणून आपण किती पत्रे लिहितो!

१९७७ मध्ये याच कंपनीने गिअर, अॅक्सल आणि भोके असलेल्या पट्ट्यांचा संच काढला. तो पुढे टेक्निक म्हणून ओळखला गेला. माझा रस तिथे सुरू होतो, कारण त्यात एक फार सुंदर सोय आहे. पट्टीवरच्या दोन भोकांमधले अंतर ८ मि.मी. असते. गिअरचे दाते मोजले की तेवढे मिलिमीटर हा त्याचा हिशेबाचा व्यास. २४ दाती गिअरचा २४ मि.मी., ८ दातीचा ८ मि.मी. म्हणजे ८ आणि २४ हे दोन गिअर एकमेकांत अडकवायचे तर दोघांच्या केंद्रांत १६ मि.मी. अंतर हवे, म्हणजे मोजून दोन भोके. १२ आणि २० घ्या, पुन्हा तेच १६. आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी ज्याला मॉड्यूल म्हणून घोकले आणि परीक्षेनंतर विसरलो, ते इथे चौथीचा मुलगा बोटाने भोके मोजून करतो.

आमच्याकडे हा कारखाना सुरू झाला तो माझ्या धाकट्याच्या हट्टामुळे. स्वस्त छंद नाही हा, हे आधीच सांगतो. २०२० च्या अर्थसंकल्पात परदेशी खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला, २०२३ मध्ये ७० टक्के झाला. नवा मोठा संच घेण्याची माझी ऐपतही नव्हती आणि इच्छाही नव्हती. मुलांचे वाढदिवस, एका मित्राच्या मुलाने टाकून दिलेला डबा, आणि म्युनिकला असलेल्या माझ्या मेहुण्याने आणलेली जुन्या मोटरींची पिशवी, यातून भांडवल उभे राहिले. माझी मुलगी, धाकटा मुलगा आणि गल्लीतली तीन मुले अशी पाच जणांची टोळी. त्यातली तीन लखनवी, त्यामुळे आमच्या कारखान्याची भाषा हिंदी, आणि घरातून खायला येणारे थालीपीठ मात्र मराठी.

पहिल्याच रविवारी मुलांनी ठरवले की गाडी "सबसे तेज़" पाहिजे. मी कागद-पेन्सिल आणली. आमच्याकडे त्या वेळी दोन 'लार्ज' मोटरी होत्या. ही मोटर ९ व्होल्टवर, काही ओझे नसताना, मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेते. चाकाचा व्यास ६२.४ मि.मी., म्हणजे एका फेऱ्यात गाडी साडेएकोणीस सेंटिमीटर पुढे जाणार. मोटर थेट चाकाला जोडली तर ताशी साडेचार किलोमीटर. म्हणजे आपण संध्याकाळी पुरनिया चौराह्यापर्यंत भाजीला जातो तो वेग. मुले हिरमुसली. मग गल्लीतला एक मुलगा म्हणाला, "अंकल, चौबीस से आठ को घुमाओ, तीन गुना हो गया. फिर एक बार, नौ गुना!" गणित अगदी बरोबर होते. नऊपट म्हणजे कागदावर ताशी ४१ किलोमीटर. अलीगंजातली स्कूटरसुद्धा मागे पडेल.

गाडी तयार झाली, सेल घातले, रिमोटची कळ दाबली. मोटर गुरगुरली. गाडी जागची हलली नाही. हाताने जरा ढकलून दिली तर दोन फूट गेली आणि दमून उभी राहिली. "अंकल, ये तो खिंच ही नहीं रही." मी काही बोललो नाही, कारण त्या पोराचा चेहरा पाहून मला कळले की आता याला जे सांगू ते हा कधी विसरणार नाही.

त्याला सांगण्यासाठी मी आपल्याच घरातले उदाहरण घेतले. रेल्वेच्या मंडळींना हे माहीत आहे, पण घरच्यांना कदाचित नसेल. मालगाडी ओढणारे डब्ल्यूएजी-९ आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांना आपण सर्रास पाहतो ते डब्ल्यूएपी-७, ही दोन इंजिने सख्खी भावंडे आहेत. दोन्ही चित्तरंजनची, दोघांनाही सहा मोटरी, मोटरीही त्याच. मुख्य फरक गिअरचा. मालगाडीच्या इंजिनाला मूळ गुणोत्तर ७७ ला १५, प्रवासी इंजिनाला ७२ ला २०. भागाकार करा. पहिले सव्वापाचच्या जरा अलीकडे, दुसरे ३.६. आता त्यांची ओढण्याची जास्तीत जास्त ताकद पाहा. मालवाल्याची सुमारे ४६० किलोन्यूटन, प्रवासीवाल्याची सुमारे ३२३. वेग मात्र उलटा. एक शंभरच्या आसपास थांबते, दुसरे १३० आणि पुढेही जाते. ४६० ला ३२३ ने भागा आणि ५.१३ ला ३.६ ने भागा, उत्तर दोन्हीकडे एकच येते, १.४ आणि थोडे. म्हणजे गिअर काही देत नाही, गिअर फक्त मोडीत काढतो, मोठ्या नोटेची सुट्टी करतो. वेग हवा तर तेवढी ओढ द्या. मुलांनी हा भागाकार स्वतः केला, आणि त्यातल्या एकाचे वडील आपल्याच शेडमध्ये आहेत, त्याने घरी जाऊन बाबांची परीक्षा घेतली असे मला दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर कळले.

पुढचा महिना आम्ही सुट्टीच्या हिशेबात घालवला. गच्चीवर टेपने मोजून दहा मीटरची रेघ मारली, आणि मोबाइलचे स्टॉपवॉच. तीनपट गिअरला दहा मीटर जायला सव्वासात सेकंद लागले. मग २० दाती गिअरने १२ दाती फिरवला, म्हणजे पावणेदोनपटीच्याही आत. कागदावर ही गाडी जवळजवळ निम्म्या वेगाची. प्रत्यक्षात साडेसहा सेकंदांत पोचली! तीनपटवाल्या गाडीची मोटर इतकी दबली होती की तिला आपले फेरेच घेता येत नव्हते. मुलांना हे पटवण्यासाठी मला एक शब्द बोलावा लागला नाही.

यानंतर आला तो भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो, आणि ज्यांना यात गोडी नाही त्यांनी दोन मिनिटे चिवडा खाण्यास हरकत नाही. मुलांचा समज असा की वेग मोटरीत असतो. मोटरीत असतो तो कच्चा माल. चाकापर्यंत येताना वाटेत तो कुठे कुठे सांडतो हे शोधणे म्हणजे गाडी बनवणे. या खेळण्यात बॉल बेअरिंग नाही. प्लास्टिकचा फुलीच्या आकाराचा अॅक्सल प्लास्टिकच्या गोल भोकात फिरतो. त्याच्या टोकाला बुश लावतात तो घट्ट दाबला की अॅक्सल पट्टीवर घासतो. नखाएवढी फट ठेवली की चाक बोटाने फिरवल्यावर बराच वेळ फिरत राहते. माझ्या मुलीने एकेक अॅक्सल असा बोटाने फिरवून, किती वेळ फिरतो ते कान देऊन ऐकले. आमच्याकडे जुने फिटर बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर लावून दुसरे टोक कानाला लावत, त्याची मला आठवण झाली. तिला ते कोणी शिकवले नव्हते.

गिअरची गोष्ट वेगळी. ओझे आले की प्लास्टिकची पट्टी किंचित वाकते, दोन गिअर एकमेकांपासून केसभर दूर होतात आणि दाते कट-कट करत घसरतात. त्याला उपाय एकच, गिअरच्या दोन्ही बाजूंनी अॅक्सलला आधार आणि दोन्ही आधार आडव्या पट्टीने एकत्र बांधलेले. म्हणजे पेटीच करायची. पण पेटी म्हणजे वजन. पहिली गाडी ११०० ग्रॅमची होती, कारण तिला मुलांनी दिवे, बंपर, मागे पंख आणि गणपती बसवायला चौथरासुद्धा केला होता. प्रत्येक तुकडा काढताना भांडण झाले. पंख काढताना तर धाकटा रडला. गाडी ७०० ग्रॅमवर आली तेव्हा वेळ सहा सेकंदांच्या आत आला आणि रडणे थांबले. (चौथरा मात्र मी काढू दिला नाही. तो आता गाडीच्या नाकावर आहे, बाप्पा वजनाला हलके आहेत.)

सेलचाही एक धडा झाला. नेहमीचे सेल दीड व्होल्टचे, सहा मिळून ९. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे, सहा मिळून ७.२. म्हणजे पैसे वाचवायला चार्जिंगचे घातले तर मोटरीचे फेरे सुरुवातीलाच पाचव्या हिश्शाने कमी. पण नेहमीचे सेल जोर दिला की लवकर मान टाकतात, चार्जिंगचे बराच वेळ तसेच राहतात. एका शर्यतीला हे घ्या, दिवसभराच्या खेळाला ते. लाइनवरचे व्होल्टेज पडले की गाडी कशी रेंगाळते हे इथे बसलेल्या लोको पायलट मंडळींना मी सांगायला नको.

मग म्युनिकच्या पिशवीतून एक जाडी, काळसर मोटर निघाली. हीच ती बग्गी मोटर. २००२ मध्ये लेगोने रिमोटवर पळणारी एक शर्यतीची बग्गी काढली होती, २००६ मध्ये आणखी एक, त्यांत ही असे. हिला अॅक्सल घालायला दोन भोके, दोन्हींचा वेग वेगळा, आणि मिनिटाला हजारावर फेरे. म्हणजे बाहेरून वेग वाढवणारा गिअर लावायची गरजच नाही. जेवढे गिअर कमी तेवढे सांडणे कमी. पण ही मोटर वीज इतकी खाते की कळ दाबताच सेलच्या डब्यातले संरक्षण सगळे बंद करून टाकते. आमच्या रिमोटला दोनच अवस्था, पूर्ण चालू किंवा बंद. मुले म्हणाली, मोटर खराब आहे. मी विचारले, लोको पायलट गाडी सुटताना काय करतो? डब्ल्यूएपी-४ सारख्या जुन्या इंजिनात ३२ नॉच, तो एकेक घेत जातो. एकदम शेवटचा नॉच घेतला तर इंजिनही हेच करेल. पिशवीत खेळण्यातल्या आगगाडीचा एक रिमोट होता, त्याला फिरवायची चकती आणि वेगाच्या सात पायऱ्या. तो लावला, पायरी-पायरीने वाढवत नेले आणि गाडी सुटली. दहा मीटर, साडेतीन सेकंद. सरासरी ताशी दहा किलोमीटरच्या वर. खालच्या मजल्यावरच्या काकू काय पडले ते पाहायला वर आल्या.

उन्हात मात्र हा रिमोट चालत नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी बोलतो, आणि सूर्यही त्याच किरणांचा पाऊस पाडत असतो. अलीगंजच्या दुपारी गच्चीवर त्याचे कोण ऐकणार? नव्या संचांत ब्लूटूथ आहे, गाडी मोबाइलवर चालते. २०२० साली आलेली त्यांची ३७४ तुकड्यांची बग्गी तशी आहे. सोय मोठी, पण मुलांच्या हातात पुन्हा मोबाइल. मी अजून संध्याकाळची वेळ पाळणे पसंत करतो.

वळण घेताना बाहेरचे चाक जास्त पळते, आतले कमी, म्हणून मागच्या अॅक्सलवर डिफरन्शियल घातले. यावर माझ्या मुलीने विचारले की रेल्वेच्या डब्याला डिफरन्शियल कुठे असते? दोन्ही चाके तर एका अॅक्सलवर घट्ट ठोकलेली असतात. वीस वर्षे नोकरी झालेल्या किती जणांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे, प्रामाणिकपणे हात वर करा. उत्तर चाकाच्या उतरत्या कडेत आहे. आपले चाक सपाट नसते, २० ला १ असा उतार असतो. वळणावर अॅक्सल बाहेर सरकतो, बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालते, आणि हिशेब आपोआप जुळतो. मी तिला कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड चिकटवून दोन पट्ट्यांवर सोडून दाखवले. ते आपोआप मध्यावर येत राहिले. जेवणाला तासभर उशीर झाला.

आता जे बोलतो ते काहींना रुचणार नाही. माझी मुलगी यंदा दहावी झाली. कपूरथला चौराह्यावर उभे राहून वर पाहिले तर आकाशाआधी कोचिंगच्या पाट्या दिसतात. आपल्या वस्तीतली बहुतेक मुले तिकडेच जातात, गुणी आहेत, जावोत. पण नववीपासून आमच्या टोळीतली दोन मुले गच्चीवर यायची बंद झाली. त्यांतला एक तोच, नऊपटवाला. त्याच्या वडिलांनी मला अतिशय सभ्यपणे, लखनवी अदबीने सांगितले की आता दोन वर्षे खेळ बंद. तो मुलगा गणितात चांगला आहे, पुढे जाईलही. पण कागदावरचे ४१ आणि गच्चीवरचे शून्य यांच्यामध्ये काय असते हे त्याला जेवढ्या लवकर कळले तेवढे मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कळले नव्हते, आणि ते कुठल्याच उत्तरपत्रिकेत येणार नाही.

मुलीला पॉलिटेक्निकला जायचे आहे, मेकॅनिकल. घरात यावरून दोन तट आहेत. पुण्याहून फोन येतात, "निदान डिग्री तरी." डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो हे मी सांगतो, पण खरा मुद्दा तो नाही हे मलाही ठाऊक आहे. सौभाग्यवतीचा मुद्दा जास्त वजनदार आहे. "तुम्ही रात्रपाळीला शेडमध्ये जाता, तिथे बायकांना हात धुवायला नीट जागा तरी आहे का?" याचे उत्तर मी देऊ शकलो नाही. आज इथे माझे साहेबही बसलेले आहेत, म्हणून हा प्रश्न व्यासपीठावरून मांडतो. आमचा निर्णय अजून झालेला नाही. अर्ज मात्र तिने स्वतः भरून टेबलावर ठेवला आहे, वर लेगोचा एक ४० दाती गिअर, कागद उडू नये म्हणून.

काही पालक मला म्हणतात, हे सगळे ठीक, पण एवढी महाग खेळणी आणायची कुठून? त्यांना मी एका उत्तर प्रदेशच्याच माणसाचे नाव सांगतो. अरविंद गुप्ता. जन्म बरेलीचा, शिक्षण कानपूर आयआयटीचे. पुण्याला टेल्कोत नोकरी केली आणि सोडली. त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेतली. ट्यूबचे बोटभर तुकडे हे सांधे, काड्या या पट्ट्या. झाला मेकॅनो! त्रिकोण हलत नाही, चौकोन डुलतो, हे दोन रुपयांत कळते. पुढे अनेक वर्षे ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांबरोबर टाकाऊतून खेळणी करत राहिले. ती शोधिका ज्या 'पुलस्त्य' इमारतीत आहे ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली, हे आपल्याला मुद्दाम सांगतो. गुप्ताजींना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे बरेलीचा माणूस पुण्यात गेला आणि आपण तिकडचे इकडे आलो, हिशेब चुकता. आणि आपल्या अलीगंजातच आंचलिक विज्ञान नगरी आहे, १९८९ पासून. वस्तीतली किती मुले तिथे शाळेच्या सहलीखेरीज गेली आहेत हे मी विचारत नाही.

बग्गी शेवटी मोडतेच, हेही सांगून ठेवतो. जास्त वेगाला अॅक्सल भोकात घासून प्लास्टिकची पांढरी भुकटी पडते, कधी भोकच मोठे होते. टायरवर धूळ बसली की पकड जाते. इंजिनाच्या चाकापुढे रुळावर वाळू सोडतात, इथे ओल्या फडक्याने टायर पुसले की पुरते. मुलांनी एक वही केली आहे, कोणता भाग कधी बदलला त्याची. तिचे नाव त्यांनी 'मेंटेनन्स रजिस्टर' ठेवले आहे आणि ते आमच्या रजिस्टरपेक्षा नियमित भरले जाते. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्या धाकट्याकडे मागावे. तो सही घेऊनच देतो.

बोलणे पुरे. आता सभागृहाच्या मधल्या खुर्च्या जरा भिंतीकडे सरकवाव्यात, मला दरवाज्यापासून मखरापर्यंत दहा मीटर मोकळे हवे. पंखे चालू राहू द्या. लहान मुलांना मांडीवर घ्या. रिमोट माझ्या मुलीकडे आहे. आणि कोणीतरी घड्याळ लावा.